शिवकालीन वीरकथा व त्यांची आधुनिक पुनर्कथने

मध्ययुगातील राजे, सेनानी व किल्लेदार यांच्या पराक्रमाभोवती जमलेल्या आख्यायिका आधुनिक काळात कादंबरी, नाटक, काव्य, चित्रपट, दूरचित्रवाणी-मालिका इ. माध्यमांतून नव्याने सांगितल्या जातात. अशा रचनांना पुनर्कथने म्हणता येईल. मूळ कथेतील घटनांचा सांगाडा कायम ठेवून तिच्यातील हेतू, पात्रे व भावार्थ नव्या काळाच्या गरजेनुसार बदलणे, हे पुनर्कथनाचे मुख्य लक्षण होय. मराठीत या प्रकाराचा सर्वांत समृद्ध साठा छत्रपती शिवाजी महाराज (१६३०–८०), छत्रपती संभाजी महाराज (१६५७–८९) व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कथांचा आहे. तानाजी मालुसरे, बाजी प्रभू देशपांडे व प्रतापराव गुजर यांची नावे इतिहासग्रंथ कधी न उघडलेल्या माणसालाही ठाऊक असतात, याचे श्रेय इतिहासकारांपेक्षा या पुनर्कथनांकडेच अधिक जाते.

युरोपात याला समांतर अशी दोन प्रसिद्ध कथाचक्रे आहेत. ब्रिटनच्या आर्थर राजाची कथा जेफ्री ऑफ मन्मथ याने बाराव्या शतकात लॅटिन इतिहासरूपाने मांडली. टॉमस मॅलरीने पंधराव्या शतकात ती इंग्रजी गद्यात आणली व १४८५ मध्ये कॅक्सटनने ती छापली. पुढे एकोणिसाव्या शतकात टेनिसनच्या काव्याने तिला व्हिक्टोरियन नीतिमत्तेचा साज चढविला, तर मार्क ट्वेनने १८८९ मध्ये तिची थट्टा केली. फ्रान्समधील रोलाँची कथा आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. ७७८ मध्ये शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी पिरेनीज पर्वतातील खिंडीत बास्क लोकांनी कापून काढली. सुमारे तीनशे वर्षांनी रचल्या गेलेल्या महाकाव्यात हे बास्क नाहीसे झाले व त्यांच्या जागी मुसलमान शत्रू आला. खिंड, मागे राहून प्राण देणारा वीर आणि पुढे सुखरूप निघून गेलेला राजा ही मांडणी पाहून मराठी वाचकाला घोडखिंडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

तथापि या दोहोंत एक मूलभूत फरक आहे. आर्थर हा ऐतिहासिक पुरुष होता की नाही, हेच निश्चित नाही. रोलाँविषयीचा समकालीन पुरावा अत्यल्प आहे. उलट शिवकालीन वीर कागदपत्रांच्या उजेडात वावरतात. पत्रे, शकावल्या, बखरी, इंग्रज व पोर्तुगीज वखारींची दप्तरे यांतून त्यांची नावे सापडतात. त्यांची घराणी आजही नांदत आहेत. त्यामुळे युरोपीय कवीला जे स्वातंत्र्य मिळाले ते मराठी लेखकाला सहसा मिळत नाही. त्याच्या कल्पनेला इतिहासकार जाब विचारतो व वंशजही विचारतो. शिवाय ‘नाइट’ या शब्दाने जो दीक्षाविधी झालेला, चिलखती, घोडेस्वार सरदार सूचित होतो, तो सह्याद्रीत नाही. मावळ्याचे शौर्य बहुधा पायी, रात्री व कड्यावर प्रकट होते. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात मध्ययुग स्थूलमानाने पेशवाईच्या अखेरीपर्यंत धरण्याची प्रथा असल्याने सतराव्या शतकातील या कथा येथे मध्ययुगीन मानल्या आहेत.

तानाजीची कथा : एखादी कथा पिढ्यान्‌पिढ्या कशी वाढते, हे पाहण्यासाठी सिंहगडाच्या कथेइतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे नाही. घटना थोडक्यात अशी : १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांनी मोगलांना २३ किल्ले दिले, त्यांत कोंढाणा होता. आग्र्याहून सुटून आल्यानंतर काही काळ शांततेत गेला. त्यानंतर मोगलांशी बिघाड होताच ४ फेब्रुवारी १६७० रोजी (माघ वद्य नवमी, शके १५९१) रात्री तानाजी मालुसरे यांनी गडावर छापा घातला. मोगलांचा किल्लेदार उदेभान व तानाजी हे दोघेही लढाईत पडले, गड मात्र हाती आला.

कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजी येथे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत लिहिलेली बखर ही या घटनेची जुनी व विश्वसनीय कथा होय. तीत निवडक पाचशे मावळे, कडा चढून जाणारी माणसे, तानाजीची ढाल तुटणे, दुसरी वेळेवर न मिळणे, मग त्याने डाव्या हाताचीच ढाल करून झुंजणे व भाऊ सूर्याजी याने धीर न सोडता काम फत्ते करणे, एवढा मजकूर आहे. घोड्यांच्या पागेची खोपटी पेटवून राजगडाला विजयाची खूण दिल्याचेही सभासद सांगतो. लढाईचे हे चित्र इतके आटोपशीर व विश्वासार्ह आहे की, पुढच्या सर्व अलंकारांची गरज का भासली, असा प्रश्न पडतो. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, लग्न नाही, सारीपाटाचा डावही नाही. महाराजांच्या तोंडी घातलेला उद्‌गारही वेगळा आहे : एक गड मिळाला पण दुसरा गड गेला, अशा आशयाचा तो आहे. तेथे तानाजीला सिंहाची नव्हे, तर गडाची उपमा आहे. गडांवरच राज्य उभे असणाऱ्या राजाच्या तोंडी ती अधिक शोभते.

कथेला आज सर्वपरिचित असलेले रूप दिले ते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने. हा पोवाडा हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक पोवाड्यांच्या संग्रहात छापला गेला. १८९४ मध्ये अ‍ॅक्वर्थने अशा काही पोवाड्यांचे इंग्रजी रूपांतरही केले. तुळशीदास हा तानाजीचा समकालीन असल्याचे परंपरा मानते; परंतु उपलब्ध संहितेच्या भाषेत उत्तरकालीन भर पुष्कळ आहे. या पोवाड्यात प्रतापगडावरून जिजाबाईंची दृष्टी कोंढाण्यावर पडते. त्या शिवाजी महाराजांना तातडीने बोलावून घेतात, सारीपाटाचा डाव मांडतात आणि जिंकल्यावर पणात तोच गड मागतात. इकडे उमरठे येथे तानाजीच्या रायबा या मुलाच्या लग्नाची तयारी चाललेली असते. निरोप येताच तानाजी लग्न बाजूला ठेवतो. ऐंशी वर्षांचा शेलारमामा, यशवंती घोरपड, उदेभानाचा मस्तवाल हत्ती व त्याचे बारा मुलगे हे सर्व पोवाड्याचे देणे आहे.

भौगोलिक दृष्ट्या प्रतापगड व सिंहगड यांत बरेच अंतर आहे, हा आक्षेप शाहिराला लागू करण्यात अर्थ नाही. त्याने एका लष्करी मोहिमेला घरगुती कारण दिले. तहाचा भंग, मोगलांशी बिघडलेले संबंध, दक्षिणेतील मोगल सुभ्याची स्थिती ही कारणे डफावर थाप मारून सांगता येत नाहीत. आईचा हट्ट मात्र सांगता येतो. मुलाचे लग्न व स्वामीचे काम यांतील निवड श्रोत्याला स्वतःच्या घरातून कळते. पोवाडा टिकला तो यामुळे.

घोरपडीचा प्रसंग स्वतंत्र विचाराला पात्र आहे. घोरपड हा सरडकुळातील मोठा प्राणी. त्याची पकड घट्ट असली, तरी दोरावरून चढणाऱ्या शस्त्रधारी माणसांचा भार त्याच्या आधाराने पेलणे अशक्य आहे. काहींनी घोरपड म्हणजे घोरपडे आडनावाचा माणूस किंवा शिडीचा एक प्रकार असे तर्क केले आहेत, पण ते अनावश्यक वाटतात. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेत बहमनी काळातील खेळणा (विशाळगड) किल्ला घोरपडीच्या साहाय्याने चढून गेल्याची व त्यावरून आडनाव पडल्याची कथा आहे. म्हणजे हा कथाघटक फिरता आहे; एका दुर्गम गडावरून तो दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध गडावर आला. लोककथांच्या अभ्यासकांना अशी स्थलांतरे नित्याची आहेत. पोवाड्यात यशवंती दोनदा मागे फिरते व तिसऱ्यांदा चढते, हेही लोककथेच्या तीनच्या नियमाला धरून आहे.

परतीचे दोर कापल्याचा प्रसंगही असाच हळूहळू घडत गेला. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात, तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना सूर्याजी अडवितो व दोर नष्ट केल्याचे सांगतो, असे वर्णन आहे. मराठीत ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार आज राजकारणापासून संसारापर्यंत कोठेही वापरला जातो. इतिहासग्रंथातील प्रसंग भाषेत असा मुरावा, याहून मोठे यश कथेला लाभत नाही.

गडाच्या नावाविषयीचा समज मात्र दुरुस्त करावयास हवा. तानाजीच्या बलिदानानंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड ठेवले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात शिवाजी महाराजांच्या १६६३ मधील एका पत्रातच सिंहगड हे नाव आढळते. म्हणजे नाव आधीचे, उद्‌गार नंतरचा. सिंहाची उपमा गडाच्या नावावरून सुचली असावी. उपमेवरून नाव पडलेले नाही.

कादंबरीचे युग : छापील मराठीतील वीरकथांचे पुनर्कथन रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या मोचनगड (१८७१) या कादंबरीपासून सुरू होते. शिवकालाची पार्श्वभूमी असलेली ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी होय. तिच्या दोनच वर्षे आधी, १८६९ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध केला होता. फुल्यांचा राजा हा शेतकरी रयतेचा राजा आहे. गुरू व मंत्री यांच्या सल्ल्याने चालणारा नव्हे. एकाच पुरुषाच्या दोन प्रतिमा इतक्या जवळच्या काळात उभ्या राहाव्यात आणि पुढील दीडशे वर्षांतील बहुतेक वादांचे बीज त्यांत असावे, ही लक्षणीय गोष्ट आहे.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी उषःकाल, सूर्योदय, सूर्यग्रहण इ. कादंबऱ्यांतून शिवकाल घराघरांत पोहोचविला. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकातून या कथा क्रमशः वाचल्या जात. न्यायमूर्ती रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ (१९००), राजवाडे यांनी १८९८ पासून प्रकाशात आणलेली साधने व टिळकांनी चालना दिलेला शिवजयंती उत्सव हे सर्व याच सुमाराचे. गड आला पण सिंह गेला (१९०३) या कादंबरीत आपट्यांनी पोवाड्यातील सामग्री घेतली, पण कथेला एक नवे कारण जोडले : कमलकुमारी. ही राजपूत विधवा सती जात असता उदेभान तिला पळवून आणतो व कोंढाण्यावर कोंडून ठेवतो, अशी ही योजना आहे. त्यामुळे गड घेणे हे स्त्रीच्या अब्रूचे रक्षणही ठरले व मोगलांच्या पक्षातला राजपूत किल्लेदार खलनायक झाला. सभासदाच्या बखरीत उदेभान हा शूर प्रतिस्पर्धी आहे, एवढेच. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या वाचलेल्या पिढीला गडात कोंडलेली नायिका हवी होती, आणि आपट्यांनी ती दिली. कादंबरीच्या नावाने मात्र उद्‌गाराचे हे रूप मराठी मनावर कायमचे कोरले. आज सभासदाचे शब्द अभ्यासकांखेरीज कोणाला आठवत नाहीत.

याच काळात या वीरकथांनी महाराष्ट्राची सीमाही ओलांडली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०४ मध्ये शिवाजी उत्सवावर बंगाली कविता लिहिली, तर अरविंद घोष यांनी बाजी प्रभूंवर इंग्रजी दीर्घकाव्य रचले. वि. दा. सावरकरांनी सिंहगड व बाजी प्रभू या विषयांवर रचलेले पोवाडे ब्रिटिश सरकारला आक्षेपार्ह वाटले. मोगलांविरुद्धची लढाई गाताना श्रोत्यांना कोणता शत्रू अभिप्रेत आहे, हे सरकार व श्रोते दोघेही जाणत होते.

रंगभूमी व चित्रपट : कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी बाबूराव पेंटर यांनी सिंहगड हा मूकपट १९२३ मध्ये काढला. त्यात तरुण व्ही. शांताराम यांनी शेलारमामाची भूमिका केली. पुढे शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी उदयकाल (१९३०) हा मूकपट दिग्दर्शित केला. स्वराज्याचा उल्लेख असलेले त्याचे मूळ शीर्षक नियामकांच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. १९३३ मध्ये त्यांनीच आपट्यांच्या कादंबरीवरून सिंहगड हा बोलपट केला. भालजी पेंढारकर यांनी छत्रपती शिवाजी (१९५२), मराठा तितुका मेळवावा (१९६४) इ. चित्रपटांतून या परंपरेला स्वतःचा घाट दिला. साध्या नेपथ्याचे, संवादप्रधान व गावोगावच्या तंबूत चाललेले हे चित्रपट तंत्रदृष्ट्या आज जुने वाटतील. तथापि मावळ्याचा वेश व बोलणे कसे असावे, याविषयीची मराठी कल्पना बव्हंशी त्यांनीच ठरविली आहे.

एकविसाव्या शतकात या विषयाला पुन्हा बहर आला. राजा शिवछत्रपती (२००८–०९) व स्वराज्यरक्षक संभाजी (२०१७–२०) या दूरचित्रवाणी-मालिका, दिग्पाल लांजेकर यांचे फर्जंद (२०१८), पावनखिंड (२०२२), सुभेदार (२०२३) हे मराठी चित्रपट व ओम राऊत यांचा तान्हाजी (२०२०) हा हिंदी चित्रपट यांचा उल्लेख करता येईल. शेवटच्या चित्रपटात गडावर नेलेली प्रचंड तोफ ही सर्वस्वी कल्पित आहे. अभ्यासकाला अधिक रंजक वाटेल ती गोष्ट वेगळी : आपट्यांनी १९०३ मध्ये निर्मिलेली अपहृत राजपूत विधवा या चित्रपटात नावात किंचित फरक होऊन पुन्हा अवतरली. कादंबरीकाराची नायिका सव्वाशे वर्षांत लोकांच्या लेखी इतिहासातील स्त्री झाली. पुनर्कथने मूळ साधनांकडे क्वचितच जातात. ती आधीच्या पुनर्कथनांतून जन्म घेतात.

दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करून त्यांवर चिकणमातीचे मावळे मांडण्याची पश्चिम महाराष्ट्रातील मुलांची प्रथा हेही एक पुनर्कथनच समजावे. त्यात तानाजी व सिंहासनस्थ महाराज एकाच वेळी असतात, हळिवाच्या हिरवळीतून वाघ हिंडत असतो, आणि कालविपर्यासाबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

प्रतापरावांचे सात स्वार : काही वेळा पुनर्कथनावर अतिशयोक्तीचा आरोप होतो व साधने मात्र त्याच्या बाजूने उभी राहतात. सरनोबत प्रतापराव गुजर यांनी बहलोलखानाला पराभूत करूनही जाऊ दिले, त्याबद्दल महाराजांनी त्यांची कडक कानउघाडणी केली व त्या सलाने प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले, अशी कथा आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेने, हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालीने व लता मंगेशकर यांच्या स्वराने सातांची ही दौड अजरामर केली. सात ही संख्या कवीने घेतलेली लोककथेतील शुभसंख्या असावी, असे कोणालाही वाटेल. पण इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिहिलेल्या पत्रात प्रतापराव दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत आणखी सहा स्वारांसह, बाकीच्या फौजेची मदत न पोहोचता मारले गेल्याची बातमी दिली आहे. एक आणि सहा मिळून सातच होतात. उरलेल्या सहांची नावे परंपरा सांगते. या पत्रात ती नाहीत. राज्याभिषेकाच्या अवघे साडेतीन महिने आधी सरसेनापती अशा रीतीने पडला, ही गोष्ट लष्करी दृष्ट्या हानीची होती. काव्याने त्या अविचाराला तेज दिले व हानीचा विचार मागे टाकला.

संभाजी महाराजांची प्रतिमा : वर सांगितलेल्या कथांत पुनर्कथनाने वीराला मोठे केले. संभाजी महाराजांच्या बाबतीत त्याने आधी एका राजाला लहान केले व नंतर स्वतःच ती चूक दुरुस्त केली. मल्हार रामराव चिटणीस याची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांची. चिटणिसाच्या पूर्वजांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. या बखरीतील व्यसनी, उग्र, स्त्रीलंपट राजाचे चित्र नाटककारांना फार सोयीचे ठरले. थोरातांच्या कमळेची कथा रंगभूमीवर व १९४१ मध्ये पडद्यावर आली. ऐतिहासिक पुराव्यावर ती टिकत नाही. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे राजसंन्यास हे अपुरे नाटक भाषेच्या वैभवामुळे गाजले, पण त्यातील संभाजीही तुळशीच्या मोहात अडकलेला राजा आहे.

वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने हे चित्र बदलले. देशोदेशीची समकालीन कागदपत्रे तपासून, बुधभूषण या संस्कृत ग्रंथाचा कर्ता असलेला, मोगल, सिद्दी, पोर्तुगीज व म्हैसूरकर यांच्याशी एकाच वेळी झुंजणारा राजा त्यांनी पुढे आणला. कमल गोखले यांच्या संशोधनाने (१९७१) त्याला दुजोरा मिळाला. वसंत कानेटकर यांची रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) व इथे ओशाळला मृत्यू (१९६८) ही नाटके या स्थित्यंतराची साक्ष देतात : पहिल्यात बापलेकांतील दुरावा आहे, दुसऱ्यात हौतात्म्य. शिवाजी सावंत यांची छावा (१९७९) व विश्वास पाटील यांची संभाजी (२००५) या कादंबऱ्यांनी नवी प्रतिमा सर्वसामान्य वाचकांत रूढ केली. संशोधनाने आधी वाट करून दिली व ललित लेखन मागून गेले, असे मराठीत क्वचित घडते.

प्रतिमा बदलली म्हणजे जुन्या प्रतिमेचा हिशेब चुकता होतोच असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये पुण्यातील संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. छावा या कादंबरीवरून त्याच नावाचा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये आला, तेव्हा महाराज लेझीम खेळत असल्याचे दृश्य आक्षेपांमुळे प्रदर्शनापूर्वीच वगळावे लागले. प्रदर्शनानंतर गणोजी व कान्होजी शिर्के यांना फितूर दाखविल्याबद्दल शिर्के घराण्यातील वंशजांनी हरकत घेतली व दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. नाटककाराने १९१९ पूर्वी उपलब्ध असलेल्या साधनांवर विसंबून लिहिले, यासाठी शंभर वर्षांनी त्याच्या पुतळ्याला शिक्षा देणे न्याय्य नव्हे. पण वंशजांचा प्रश्न तेवढ्याने निकालात निघत नाही. रोलाँच्या काव्यातील फितुराचे वंशज कोणी नाहीत. येथे मात्र आडनाव शाळेच्या हजेरीपटावर असते. पडद्यावर तीन तासांत ठरलेला फितूर हा गावात पिढ्यान्‌पिढ्या फितूर राहू शकतो, याचे भान लेखकाने बाळगणे उचित.

वीरांच्या यादीत कोणाला जागा मिळाली, हाही या वादांचा एक भाग आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले (१६६०), तेव्हा त्यांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती गेलेला शिवा काशीद व अफझलखानाच्या भेटीत महाराजांवर आलेला वार अडविणारा जिवा महाला हे दोघेही नाभिक समाजातील मानले जातात. बाजी प्रभूंची खिंड ज्या रात्रीमुळे घडली, त्याच रात्रीचा शिवा काशीद हा दीर्घकाळ कथेच्या कडेलाच राहिला. पन्हाळ्यावर त्याचा पुतळा आहे व अलीकडील चित्रपटांत त्याला स्वतंत्र प्रसंग मिळतो. ही भर उशिरा का होईना, योग्य दिशेने पडली आहे.

मराठवाडा व बीड परिसर : वरील सर्व घडामोडींची भूमी मावळ, कोकण व कोल्हापूर ही आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. पुण्यामुंबईत घडलेली शिवकथेची छापील लाट तेथे विलंबाने व विरळपणे पोहोचली, यात नवल नाही. परंतु राजे व वीर यांच्या कथांना हा प्रदेश पारखा नव्हता. फक्त त्यांचा बाज वेगळा होता. बीड शहराचे चंपावतीनगर हे नाव विक्रमादित्याची बहीण चंपावती हिच्याशी जोडले जाते. अंबेजोगाईला मुकुंदराजाची समाधी आहे. राजा जैत्रपाळ याने रिकिबीत पाय घालून घोड्यावर मांड ठोकण्याच्या अवधीत ब्रह्मदर्शन घडविण्याची अट साधूंना घातली व मुकुंदराजाने ती पुरी केली, अशी आख्यायिका आहे. येथे घोडा व राजा दोन्ही आहेत, पण जिंकतो तो साधू. बीड तालुक्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाचे क्षेत्र. त्याची स्थलकथा चंद्राच्या शापाची व तपश्चर्येची आहे, कोणा राजाच्या स्वारीची नाही. बालाघाटच्या या भागात गावाची प्रतिष्ठा तलवारीपेक्षा दैवताशी अधिक निगडित दिसते.

लढाया मात्र याच भूमीवर झाल्या. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. जिल्ह्याच्या सरहद्दीलगत खर्डा येथे १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामावर पुन्हा विजय मिळविला. त्यावर पोवाडे रचले गेले. रणजित देसाई यांच्या स्वामी (१९६२) या कादंबरीने माधवराव घरोघर पोहोचले, पण वाचकांच्या मनात राहिला तो शनिवारवाडा, थेऊर व रमा-माधव यांचा संसार. राक्षसभुवनाचे नाव तसे राहिले नाही.

याहून जुना व कथेच्या दृष्टीने अस्पर्शित असा एक वीर अंबेजोगाईच्या शिलालेखांत आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे तेराव्या शतकातील लेख तेथे सापडले आहेत. शके ११६२ (१२४०) मधील लेखावरून कळते की, खोलेश्वराचा मुलगा राम हा यादवांच्या गुजरातवरील स्वारीत लढता लढता पडला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देवालय बांधविले. स्वामिकार्यासाठी दूरदेशी पडलेला तरुण सेनानी आणि मागे राहून घराण्याचा भार वाहणारी बहीण, ही सामग्री तानाजीच्या कथेहून कमी नाही. वर तिला समकालीन शिलालेखाचा आधार आहे. तरीही या भावंडांवर तुळशीदासासारखा शाहीर वा आपट्यांसारखा कादंबरीकार लाभल्याचे दिसत नाही. लेख संस्कृतात असल्याने ती कथा डफावर आली नाही; यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाल्याने ती सांगण्यात पुढील कोणत्याही राजघराण्याला रस उरला नाही. खोलेश्वराचे मंदिर अंबेजोगाईत आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.